नाणेघाटाची सहल आणि इतिहासाचे अध्यापन

माध्यमिक शाळांतून इतिहासाच्या सहली निघत नाहीत असे नाही. परंतु पुष्कळ सहली गाडीतून उतरणे, छायाचित्रे काढणे आणि डबे सोडणे यांपलीकडे जात नाहीत. परतल्यावर विद्यार्थी जो निबंध लिहितो, तो स्थळ न पाहताही लिहिता आला असता. याचे कारण सहलीत नसून तिच्या आधीच्या आठवड्यांत असते. निघण्यापूर्वी वर्गात कोणताही प्रश्न उभा राहिलेला नसतो. विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्पपद्धतीचे विवेचन केले, तेव्हा हेतुपूर्वक व मनःपूर्वक केलेली कृती हाच तिचा गाभा मानला होता.

उदाहरणादाखल जुन्नरजवळील नाणेघाट घ्यावा. घाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे आणि सातवाहनकाळी त्यात जकातीची नाणी टाकीत, असे प्रत्येक वाटाड्या सांगतो. (त्यात डोकावण्याचा मोह विद्यार्थ्यांस आवरत नाही, तो आवरूही नये.) जवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेशी निगडित असलेला ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. त्याच्या उपलब्ध भागात अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, हत्ती व कार्षापण यांची गणना आहे; जकातीची नाही. मग रांजणाची हकीकत आली कोठून? ती खोटी म्हणावी काय? तसेही म्हणता येत नाही. कारण कल्याण व सोपारा या बंदरांकडून देशावर जाणारा मार्ग येथूनच चढतो आणि अशा खिंडीत जकात घेतली जाणे सर्वथा संभवनीय आहे. लेखाने सिद्ध झालेले, भूरचनेवरून संभवणारे आणि केवळ परंपरेने सांगितलेले, असे तीन प्रकार विद्यार्थ्याने स्वतः निरनिराळे करावयाचे, हाच येथे प्रकल्प होय. पाठ्यपुस्तकात हे तिन्ही एकाच वाक्यरचनेत, एकाच ठामपणे येतात. म्हणून ते तेथे शिकविता येत नाही.

हे काम एकट्या इतिहासशिक्षकाच्या आवाक्यातील नव्हे. शिलालेख झिजलेला व खंडित असल्यामुळे प्रत्यक्ष भिंतीवर विद्यार्थ्यांस फारसे काही वाचता येणार नाही. भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर आदी विद्वानांनी एकोणिसाव्या शतकात केलेले वाचन व लेखाची छायाचित्रे यांच्या साहाय्याने मराठीच्या किंवा संस्कृतच्या शिक्षकांनी दोन-तीन तास आधी घेणे अवश्य आहे. गणिताच्या शिक्षकांस तर येथे मोठीच संधी आहे. लेखातील संख्यांत शून्य नाही, स्थानमूल्यही नाही. शंभर व हजार यांस स्वतंत्र चिन्हे आहेत. १७०० ही संख्या त्या पद्धतीने लिहून पाहिल्यावर दशमान पद्धतीचे मोल नवव्या इयत्तेच्या मुलाला जितके कळेल, तितके व्याख्यानाने कळणार नाही. भूगोलशिक्षकांनी नकाशावर घाटवाटा काढून घ्याव्यात. जुन्नर परिसरातील लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. त्यांपैकी इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिल्याचा उल्लेख वाचल्यावर त्या घाटवाटांना निराळाच अर्थ येतो.

अडचण वेळापत्रकाची आहे, आणि ती लहान नाही. चार विषयांच्या तासिका एका सहलीसाठी जुळविणे मुख्याध्यापकांच्या इच्छेवाचून होत नाही. परिसरातील शाळांनी एकमेकींच्या साहाय्याने काम करावे, यासाठी कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळा-संकुलाची कल्पना मांडली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिचा पुन्हा पुरस्कार केला. एका शाळेने लेखाच्या छायाचित्रांचा संच सिद्ध करावा, दुसरीने नकाशे, तिसरीने वृद्ध ग्रामस्थांकडून रांजणाविषयीच्या कथा टिपून घ्याव्यात, एवढी वाटणी केली तरी प्रत्येक शिक्षकाचा भार पुष्कळ हलका होतो. त्या कथांचे पाठभेद ताडून पाहण्याचे काम मात्र विद्यार्थ्यांकडेच राहू द्यावे, आणि सहलीनंतरच्या परीक्षेत रांजणाविषयी काय ठाऊक आहे असे न विचारता, ते कशावरून ठाऊक आहे असे विचारावे.