जीवसंवेदक, ध्वनिक व प्रकाशीय

रेणूंना अनुस्फुरक वा किरणोत्सर्गी खूण न जोडता त्यांचे बंधन घडत असतानाच मोजणाऱ्या प्रयुक्तींचे हे दोन प्रमुख प्रकार आहेत. प्रतिपिंड-प्रतिजन यांसारख्या जोडीतील एक घटक घन पृष्ठावर स्थिर करून त्यावरून दुसऱ्याचा विद्राव वाहू देतात.

ध्वनिक प्रकारात क्वॉर्ट्‌झ स्फटिकाची पातळ चकती दाबविद्युत् परिणामाने कंपित करतात. पृष्ठावर वस्तुमान साठले की कंप्रता घटते व ही घट वस्तुमानाच्या सम प्रमाणात असते, असे जी. झाउअरब्राय यांनी १९५९ मध्ये दाखविले. ५ मेगॅहर्ट्‌झच्या चकतीत १ हर्ट्‌झ घट म्हणजे दर चौ. सेंमी.स सु. १७·७ नॅनोग्रॅम होत. हे समीकरण मात्र पातळ व दृढ थरापुरतेच खरे आहे.

प्रकाशीय प्रकारांपैकी पृष्ठ प्लास्मॉन अनुस्पंदन ही पद्धत विशेष प्रचलित आहे. काचेवरील सु. ५० नॅनोमीटर जाडीच्या सोन्याच्या पटलावर काचेच्या बाजूने ध्रुवित प्रकाश पाडला असता एका विशिष्ट कोनात परावर्तन अतिशय क्षीण होते. पटलालगतच्या द्रवाचा प्रणमनांक बदलला की हा कोन सरकतो. १९८३ मध्ये स्वीडनमध्ये ही पद्धत जीवसंवेदनासाठी वापरण्यात आली व १९९० मध्ये तीवर आधारित उपकरण बाजारात आले.

एकाच थराचे वस्तुमान दोन्ही पद्धतींनी मोजल्यास उत्तरे बहुधा जुळत नाहीत, ध्वनिक आकडा मोठा येतो. पाण्याच्या जागी प्रथिन आल्याने होणारा फरकच प्रकाशाला जाणवतो. चकतीबरोबर मात्र थरात अडकलेले पाणीही हलते व तेही वजनात धरले जाते. हा दोष मानण्याचे कारण नाही. सी. ए. केलर व बी. कासेमो यांनी १९९८ मध्ये सिलिकेच्या पृष्ठावर फॉस्फोलिपिडांच्या पुटिका बसविल्या, तेव्हा कंप्रता प्रथम बरीच घटली व नंतर, पदार्थ बसतच असताना, उलट वाढून मूळ कंप्रतेच्या सु. २६ हर्ट्‌झ खाली स्थिरावली. पुरेशी दाटी होताच पुटिका फुटून त्यांचा सलग द्विस्तर बनला होता व आतील पाणी निसटले होते. प्रकाशीय संकेतात अशी उलटी चाल दिसत नाही.

विद्युत् पुरवठा तोडल्यावर कंपने किती लवकर शमतात हेही मोजल्यास थराचा मऊपणा कळतो. पुटिकांच्या थरात ती झपाट्याने शमतात, द्विस्तरात सावकाश. याउलट, औषधाचे लहान रेणू प्रथिनास किती वेगाने जडतात व सुटतात हे पाहण्यास प्रकाशीय पद्धतच अधिक सोयीची ठरते. तथापि विद्रावातील लवणाचे प्रमाण किंचित बदलले तरी प्रणमनांक बदलून बंधनाचा आभास होतो, म्हणून शेजारी ग्राही रेणू नसलेली तुलनेची वाहिनी ठेवून तिचा संकेत वजा करतात.