एका पदाची कारकीर्द : भारतातील महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या व्यावसायिक वाटचालीचा मागोवा

भारतातील महाविद्यालयीन ग्रंथपालाच्या कारकिर्दीचा विचार करताना एक साधी वस्तुस्थिती प्रथम ध्यानात घ्यावी लागते, ती ही की बहुतेक महाविद्यालयांत ग्रंथपालाचे पद एकच असते. प्राध्यापकाला विभाग असतो, विभागात ज्येष्ठ आणि समवयस्क सहकारी असतात, आणि अडलेल्या प्रश्नावर चर्चा करण्यासाठी त्याला संस्थेबाहेर जावे लागत नाही. ग्रंथपालाच्या हाताखाली लिपिक आणि ग्रंथपरिचर असले, तरी वर्गीकरणाची किंवा ग्रंथनिवडीची शंका विचारावी असा समव्यवसायी त्या इमारतीत बहुधा कोणी नसतो. म्हणूनच या व्यवसायात संघटना, प्रशिक्षणवर्ग आणि परिषदा यांनी सहकाऱ्यांची उणीव भरून काढण्याचे काम केले, आणि ग्रंथपालाचा व्यावसायिक विकास बव्हंशी त्यांच्याच आधाराने घडत आला.

या इतिहासाचा आरंभ विद्यापीठात नव्हे, तर बडोदा संस्थानात झाला. सयाजीराव गायकवाड यांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि त्याने 1911 मध्ये तेथे ग्रंथालय प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. बॉर्डन अल्पकाळातच मायदेशी परतला. परंतु जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ते काम पुढे नेले, आणि बडोद्याहून 1912 पासून काही वर्षे निघालेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या नियतकालिकात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठीलाही स्थान मिळाले. ग्रंथालयाचे काम हा स्वतंत्र व्यवसाय आहे आणि त्यावर मराठीत लिहिता येते, ही जाणीव इतक्या लवकर प्रकट झाली होती, याची नोंद महाराष्ट्रात व्हावी तितकी झालेली नाही.

उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात पहिले पाऊल लाहोरला पडले. पंजाब विद्यापीठात एसा डॉन डिकिन्सन याने 1915 मध्ये प्रशिक्षणवर्ग घेतला. त्याच्या विद्यार्थ्यांपैकी के. एम. असदुल्ला हे पुढे कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचे ग्रंथपाल झाले आणि 1933 मध्ये भारतीय ग्रंथालय संघाची स्थापना झाली तेव्हा त्याचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले. एका वर्गात भेटलेली माणसे पुढे अखिल भारतीय संघटनेच्या उभारणीत सहभागी होतात, हा क्रम या व्यवसायात पुढेही दिसत राहिला.

एकाकीपणाचा प्रश्न किती मूलगामी होता, हे शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या चरित्रावरून स्पष्ट होते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणारे रंगनाथन जानेवारी 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. मात्र विद्यार्थी नाहीत, सहकारी नाहीत, चर्चा नाही, अशा त्या स्थितीला ते अल्पावधीतच कंटाळले आणि त्यांनी अध्यापनाकडे परतण्याची इच्छा प्रकट केली. आधी इंग्लंडला जाऊन या विषयाचे शिक्षण घ्यावे, मग निर्णय करावा, असा सल्ला त्यांना मिळाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डब्ल्यू. सी. बेरविक सेयर्स यांच्यासारखा शिक्षक लाभल्यावर आणि तेथील अनेक ग्रंथालयांचे कामकाज प्रत्यक्ष पाहिल्यावर त्यांचे मत पालटले. रंगनाथन या व्यवसायात टिकले ते पगारामुळे किंवा पदामुळे नव्हे, तर समव्यवसायींच्या सहवासामुळे, असे म्हणण्यास आधार आहे. कारण परतल्यानंतर त्यांनी जे उभारले, त्यात ग्रंथालयसूत्रांइतकाच संघटनेचाही वाटा मोठा होता. मद्रास ग्रंथालय संघ 1928 मध्ये स्थापन झाला, त्याने 1929 मध्ये सुरू केलेला प्रशिक्षणवर्ग 1931 मध्ये विद्यापीठाने स्वीकारला, आणि त्याच वर्षी ‘पंचसूत्री’ म्हणून ओळखला जाणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

स्वातंत्र्यानंतर प्रशिक्षणाचा विस्तार झाला. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात 1961 मध्ये ग्रंथालयशास्त्राचा स्वतंत्र विभाग उघडला, ज्यामुळे स्त्रियांना या व्यवसायाचे दार अधिक मोकळे झाले. दर्जाचा प्रश्न मात्र रेंगाळला. विद्यापीठ अनुदान आयोगाने 1957 मध्ये रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने व्यावसायिक ग्रंथालय कर्मचाऱ्यांना अध्यापकांच्या तोडीचे वेतन आणि दर्जा देण्याचा आग्रह धरला. तरीही महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या वाट्याला बढतीची निश्चित व्यवस्था आली ती 1986 पासून लागू झालेल्या वेतनश्रेणीबरोबर. हिलाच पुढे ‘करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम’ किंवा नुसते ‘कॅस’ म्हटले जाऊ लागले. तिचा अर्थ असा की, वरचे पद रिक्त नसले तरी ठरावीक सेवा आणि अर्हता पूर्ण करणाऱ्यास वरच्या श्रेणीत बसवले जाते, ज्याला कार्यालयीन भाषेत स्थाननिश्चिती म्हणतात. ज्या संस्थेत वर चढण्यास दुसरे पदच नाही, तेथील ग्रंथपालासाठी हीच एकमेव वाट होती.

या योजनेचा एक परिणाम फारसा विचारात घेतला जात नाही. स्थाननिश्चितीसाठी उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग आवश्यक ठरले. पहिला नव्याने सेवेत आलेल्यांना उच्च शिक्षणाची ओळख करून देणारा, तर दुसरा विषयज्ञान अद्ययावत करणारा. आयोगाने 1987 पासून स्थापन केलेल्या शैक्षणिक कर्मचारी महाविद्यालयांत हे वर्ग होऊ लागले, आणि लहान गावांतील ग्रंथपाल प्रथमच तीन आठवडे एकत्र राहिले. त्या मुक्कामात तालिकीकरणाच्या अडचणींपासून प्राचार्यांशी होणाऱ्या व्यवहारापर्यंत सारे बोलले गेले, आणि घरी परतताना प्रमाणपत्राहून अधिक मोलाची अशी संपर्कसूची हाती आली.

याच सुमारास संगणकीकरण आले. इन्फ्लिबनेट हा ग्रंथालयांना संगणकजाळ्याने जोडणारा कार्यक्रम 1991 मध्ये पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान केंद्राच्या अधिपत्याखाली प्रकल्प म्हणून सुरू झाला आणि 1996 मध्ये स्वतंत्र आंतरविद्यापीठ केंद्र बनला. त्याची ‘सोल’ ही ग्रंथालय संगणकप्रणाली, 1994 पासून भरणारी ‘कॅलिबर’ परिषद आणि 2010 मध्ये आलेली ‘एन-लिस्ट’ ही महाविद्यालयांना इलेक्ट्रॉनिक नियतकालिके व ग्रंथ उपलब्ध करून देणारी योजना, यांनी ग्रंथपालाचे काम देवघेवीच्या पलीकडे नेले. एन-लिस्टचे महत्त्व विशेष आहे, कारण तुटपुंज्या अंदाजपत्रकाच्या महाविद्यालयातही संशोधनपर नियतकालिके पोहोचली आणि ती वापरण्यास शिकवणारा माणूस म्हणून ग्रंथपाल अध्यापकांच्या नजरेत नव्याने आला.

आयोगाच्या 2010 च्या विनियमांनी मात्र वेगळी दिशा दाखवली. शोधनिबंध, चर्चासत्रे आणि प्रशिक्षण यांना गुण देणारी पद्धत आल्यावर प्रमाणपत्रांची आणि घाईने छापलेल्या निबंधांची संख्या वाढली, आणि ज्या परिषदा परस्परांकडून शिकण्यासाठी होत्या त्यांतील काहींचे रूप नोंदणीपुरते उरले. हा व्यवसायाला बसलेला खरा तोटा होय. 2018 च्या विनियमांनी गुणांचा तो पसारा कमी केला. दहाव्या वेतनस्तरावरून अकराव्यावर जाण्यास पीएच.डी. धारकास चार, एम.फिल. धारकास पाच आणि इतरांस सहा वर्षांची सेवा लागते, आणि संगणकीकरण व डिजिटलीकरणाचे प्रशिक्षण हा बढतीच्या अटींचाच भाग झाला आहे. या साऱ्या तरतुदी नियमित वेतनश्रेणीतील ग्रंथपालांना लागू होतात. विनाअनुदानित महाविद्यालयांत ठोक वेतनावर काम करणाऱ्या, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण असूनही नियमित पदाची प्रतीक्षा करणाऱ्या ग्रंथपालास स्थाननिश्चितीही नाही आणि उजळणी वर्गासाठी भरपगारी कर्तव्यरजाही नाही, त्यामुळे जिल्हा आणि विद्यापीठ पातळीवरील ग्रंथपाल संघटनांपुढे आज सर्वांत निकडीचे काम आहे ते या वर्गाला आपल्या सभासदत्वात आणि प्रशिक्षणात सामावून घेण्याचे.