पोटात पाहणारी दुर्बीण

अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव तुम्ही पाहिला असेल. जानेवारीअखेर आणि नोव्हेंबरात मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून थेट मूर्तीपर्यंत पोहोचतात. वाट सरळ असते म्हणून. मध्ये एखादी इमारत आली की प्रकाश अडलाच. मग पोटाच्या बंद पोकळीत उजेड न्यायचा कसा?

हा प्रश्न कितीतरी स्त्रियांच्या जिव्हाळ्याचा आहे. गर्भाशयाच्या आतले अस्तर दर महिन्याला वाढते आणि गर्भ राहिला नाही तर गळून पडते. हीच मासिक पाळी. काही स्त्रियांत अस्तरासारख्याच ऊती गर्भाशयाबाहेर, बीजकोशांवर किंवा पोटातील पडद्यावर वाढतात. पाळीच्या वेळी त्यांतूनही रक्त येते. पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. तिथे दाह होतो, अवयव एकमेकांना चिकटतात. हा एंडोमेट्रिऑसिस. प्रजननक्षम वयातील दहा स्त्रियांमागे सुमारे एकीला तो असतो.

स्त्रीबीजाचा व्यास जेमतेम ०.१ मिलिमीटर. बीजकोशातून सुटलेले हे बीज बीजवाहिनीच्या टोकाची झालर टिपून घेते. झालरच चिकटून बसली तर? मूल होणे अवघड होते. (तरीही यांतल्या अनेक जणींना उपचारांशिवाय दिवस जातात, हेही सांगायला हवे.) वरून पाहून यातले काही कळत नाही. ‘पाळीत दुखायचेच’ असे घरात म्हटले जाते आणि वर्षे निघून जातात. शाळा बुडावी इतके दुखत असेल, तर ते डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

आता उजेडाकडे वळू. केसासारख्या काचतंतूत शिरलेला प्रकाश आतल्या आत पुन्हा पुन्हा परावर्तित होत, वळणे घेत दुसऱ्या टोकाला निघतो. तुमच्या पुस्तकातले पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच! १९५४ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील हॉपकिन्स आणि पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी अशा तंतूंच्या जुडीतून प्रतिमा नेल्याचे प्रसिद्ध केले. दिवा बाहेर, उजेड आत. उष्णता बाहेरच राहते. पुढे हॉपकिन्स यांनीच काचेच्या लांब कांड्यांची भिंगे असलेली नळी रचली. कार्बन डायऑक्साइडने पोट फुगवायचे, बेंबीजवळच्या लहानशा छेदातून नळी आत सरकवायची. हेच आपले ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’. चिकटलेले भागही त्याच वेळी सोडवता येतात.

इंग्लंडमधील डॉ. स्टेप्टो यांनी अशाच दुर्बिणीतून पाहत स्त्रीबीज बाहेर काढले. एडवर्ड्स यांनी ते काचपात्रात फलित केले आणि २५ जुलै १९७८ रोजी पहिले ‘टेस्ट ट्यूब बेबी’ जन्मले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी अशीच एक मुलगी जन्मली. एंडोमेट्रिऑसिसमुळे मूल न होणाऱ्या जोडप्यांनाही आज हा मार्ग उपलब्ध आहे. मात्र बीज काढायला आता बहुधा दुर्बीण लागत नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुईने ते टिपतात. प्रकाशाचे काम तिथे ध्वनी करतो.