“बोलेल की, थांबा!” पण किती थांबायचं?

मी धुळ्यातून बोलतोय. आजचा विषय लहान बाळांचा. तुमचं स्वतःचं मूल नसेल तरी ऐका, काका-मामा-मावशी तर असालच.

दोन वर्षांचं पोरगं बोलत नाही म्हटलं, की आपल्याकडे घरात एक वाक्य ठरलेलं: “त्याना बाप बी उशिरा बोलना व्हता.” वाक्यात माया आहे, मला आवडतं. फक्त त्याच्या भरवशावर वर्ष काढू नका. मेंदूची वाढ सगळ्यात झपाट्याने होते ती याच वयात, आणि मदतीचा फायदाही याच वयात जास्त.

सगळी बाळं एकदम चालायला लागत नाहीत, हे खरंच. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली दिलेल्या मोजमापात आधाराशिवाय चालण्याचा काळ साधारण ८ ते १८ महिने, एवढा मोठा आहे. म्हणजे शेजारची चिंगी दहाव्या महिन्यात चालली म्हणून घाबरायचं कारण नाही. पण १८ महिने उलटले तरी चालत नाही, दोन वर्षं झाली तरी ‘पानी दे’ असे दोन शब्द जोडत नाही, हाक मारली तरी बघत नाही, तर दाखवून या. येणारे शब्द बंद झाले, तर लगेच. बोलण्याची अडचण असेल तर आधी कान तपासा. ऐकूच येत नसेल तर बोलणार कसं?

आणि हो, घरात अहिराणी, बाहेर मराठी म्हणून मूल मागे पडत नाही. शब्द मोजताना दोन्हीकडचे धरा.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा मोफत तपासतं, गरज पडली तर पुढे पाठवतं. चांगली सोय आहे. पण आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. पथक गावात आणि बाळ उसाच्या फडावर, असं झालं तर? रोज बघणारे मायबापच. परत आल्यावर अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना स्वतःहून सांगा, पुढच्या फेरीची वाट बघू नका.

इथे तुमचा मोबाईल कामाला येतो. डॉक्टरांसमोर मूल रडतं नाहीतर गप्प बसतं. घरी खेळताना, हाक मारताना एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा.

माता आणि बाल संरक्षण कार्ड आपण लसीच्या तारखेपुरतंच उघडतो. कोणत्या महिन्यात बाळ काय करतं, ते त्यात चित्रांसह दिलंय. वहिनीला विचारा, कुठल्या पिशवीत ठेवलंय ते.