तलावातील मासळी आणि ठेक्याची मुदत

भिलाईची ओळख पोलादाची आहे. परंतु हे शहर ज्या प्रदेशात वसले तो मुळात तलावांचा प्रदेश होय. भिलाईहून मुंबईकडे जाणारा लोहमार्ग दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड ही स्थानके मागे टाकून गोंदिया जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात प्रवेश करतो. राज्य बदलते, भूप्रदेश मात्र तोच राहतो. धानाची शेते, त्यांच्या वरच्या अंगाला मातीची पाळ आणि पाळीमागे तलाव. छत्तीसगडच्या बाजूला या तलावांवर ढीमर, केवट व निषाद समाजाची उपजीविका चालते. महाराष्ट्राच्या बाजूला ढिवर समाजाची.

दोन्ही बाजूंचा वारसाही एकच आहे. जुन्या मध्य प्रांतात तलाव मालगुजारांच्या ताब्यात असत. भंडारा भागातील अनेक तलाव कोहळी समाजाने बांधले. १९५० च्या स्वामित्व हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे आले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात गेला, दुर्ग मध्य प्रदेशात राहिला व २००० साली छत्तीसगडात आला. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून विदर्भात या तलावांना ‘मामा तलाव’ म्हणतात. पाण्यावर पहिला हक्क सिंचनाचा मानला गेला. मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना मुदतीच्या ठेक्याने मिळू लागला. तलावातील मासळीचे भवितव्य बव्हंशी या मुदतीशी निगडित आहे.

बेटांचा अनुभव

ज्या पाण्यात कोणीही उतरू शकतो, तेथे निव्वळ लाभ संपेपर्यंत मासेमारी वाढत जाते, हे एच. स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले. यावर खासगी मालकी किंवा सरकारी नियंत्रण हेच उपाय आहेत, असा समज दीर्घकाळ रूढ होता. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात तिसरा मार्ग मांडला. सामायिक साधनावर जगणारे लोक स्वतः नियम करतात व पाळतात, मात्र साधनाची सीमा स्पष्ट असावी लागते आणि त्यांच्या नियमांना बाहेरच्या सत्तेची मान्यता लागते. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

फिजी या बेटांच्या देशात याचे प्रत्यंतर आले. वेराता भागातील उकुनिवानुआ या गावाने १९९७ मध्ये किनाऱ्यालगतचे सुमारे २४ हेक्टर क्षेत्र शिंपले काढण्यास बंद केले. शिंपल्यांची मोजणी गावकऱ्यांनीच शिकून घेतली. बंद क्षेत्रात शिंपले वाढले, तसेच लगतच्या खुल्या क्षेत्रातही वाढले. पुढे शेकडो गावांनी हा मार्ग अनुसरला. येथे एक गोष्ट सहसा नजरेआड होते. फिजीत किनाऱ्यालगतच्या पाण्यावर कुळांचे परंपरागत मासेमारी हक्क नोंदलेले आहेत. आज सोडलेला शिंपला उद्या आपल्याच गावाला मिळेल, ही खात्री गावाला होती. संयमाला हमीचा आधार होता.

विकतचे बीज आणि घरचे बीज

तलावांतील शासकीय मत्स्यविकासाचा भर रोहू, कटला व मृगळ या माशांवर राहिला. हे मासे वाहत्या नदीत अंडी घालतात. तलावाच्या स्थिर पाण्यात त्यांची वीण होत नाही. १९५७ मध्ये ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाच्या साहाय्याने प्रेरित प्रजनन यशस्वी केले आणि मत्स्यबीज केंद्रांचा मार्ग खुला झाला. उत्पादन वाढले, यात शंका नाही. मात्र तेव्हापासून संस्थेला दरवर्षी बीज विकत घ्यावे लागते. बोटुकली उशिरा मिळाली वा वाटेत मेली, तर ते वर्ष वाया जाते.

स्थानिक मासळीचे गणित वेगळे आहे. मरळ, शिंगी, मांगूर हे मासे तलावात व लगतच्या उथळ पाण्यात स्वतःच वीण करतात. त्यांचे बीज विकत घ्यावे लागत नाही. हवेतून श्वास घेता येत असल्याने ते बाजारात जिवंत नेता येतात. मरळीला तर रोहूहून चांगला भाव मिळतो. पण मरळ इतर माशांची पिले खाते, म्हणून शास्त्रोक्त मत्स्यपालनात ती उपद्रवी ठरली. संगोपन तळ्यांतून अशा माशांचा नायनाट करण्यासाठी मोहाची पेंड वापरण्याची शिफारस असते. ज्या मुलखात मोह आणि मरळ दोन्ही मुबलक, तेथे एकाने दुसरीचा काटा काढावा, हा विचित्रच योग म्हणायचा.

ही मासळी टिकते ती कोणीतरी आज ती पकडण्याचे टाळले तरच. पहिल्या पावसात ओढ्यांकडे धावणारा चढणीचा मासा सोडून द्यावा लागतो. मरळीची पिले तांबूस पुंजक्याने पृष्ठभागाशी फिरतात व त्यांची राखण करणारे नर-मादी सहज हाती लागतात; त्यांनाही हात लावता येत नाही. शिवाय लपायला व अंडी घालायला पाणवनस्पती हव्यात. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांसोबत नेमके हे काम हाती घेतले. तलावात माजलेली बेशरम उपटणे, गाळपेर जमीन नांगरणे आणि हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या वनस्पतींची लावणी करणे ही कामे स्त्री-पुरुषांनी मिळून केली. कोणती वनस्पती कोणत्या माशाला मानवते, याचे ज्ञान त्यांच्याजवळ पिढ्यान् पिढ्यांचे होतेच.

मुदतीचा प्रश्न

वनस्पती रुजून मासळी वाढेपर्यंत काही वर्षे जातात. महाराष्ट्रात ठेक्याची रूढ मुदत पाच वर्षांची आहे. अखेरच्या दोन वर्षांत संस्थेने बीजमासा सोडून द्यावा, ही अपेक्षा व्यवहारात टिकत नाही. उद्या तलाव दुसऱ्याकडे गेला तर मासाही त्याचाच होणार. लिलावात तर सर्वाधिक बोली लावणारा प्रथम आपली बोली वसूल करतो. छत्तीसगडात २०२२ मध्ये नव्या मत्स्य धोरणातील लिलावाच्या तरतुदीला मच्छीमार समाजाने विरोध केला आणि त्याच वर्षी लिलावाऐवजी दहा वर्षांचा ठेका देण्याचा निर्णय झाला. संवर्धनाच्या दृष्टीने हा फरक अनुदानाच्या कोणत्याही योजनेपेक्षा मोठा आहे. वनक्षेत्रातील गावांना आणखी भक्कम आधार उपलब्ध आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये जलाशयांतील मासळीवरील सामूहिक हक्काचा स्पष्ट उल्लेख असून त्याला मुदत नाही.

मुदत वाढली तरी पाणी उरतेच असे नाही. तांदुला जलाशयावर शेती आणि भिलाईचा कारखाना या दोघांचा भार आहे, गावतलावावर धानाचा. उन्हाळ्यात तलाव तळापर्यंत उपसला, तर दहा वर्षांच्या ठेक्यातील मरळही उरत नाही. त्यामुळे ठेक्याच्या करारात मासळीसाठी राखावयाची किमान जलपातळी लिहिली जावी आणि ती मोजण्याचा अधिकार मच्छीमार संस्थेला असावा, ही मागणी सिंचन विभागापुढे ठेवावी लागेल.