लाकडी खिडकी : जुन्याची दुरुस्ती, नव्याची निवड

जबलपूरहून भोपाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर शहपुरा हे तहसिलीचे गाव लागते. इटारसी-जबलपूर लोहमार्गावरील त्याचे स्थानक शहपुरा भिटोनी या नावाने ओळखले जाते. हा मुलूख १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाल्यापासून १९५६ पर्यंत जबलपूरचा कारभार नागपूर या राजधानीतूनच चालला. नर्मदाखोऱ्यातील हा शेतीप्रधान भाग अलीकडे हिरव्या वाटाण्यासाठी प्रसिद्ध आहे. पिकाचा पैसा हाती आला की घराची डागडुजी निघते, आणि डागडुजीत पहिला बळी जातो तो लाकडी खिडकीचा. रंग उडालेली, पावसाळ्यात अडकणारी, खालच्या कोपऱ्यात कुजलेली सागवानी खिडकी काढून तिच्या जागी अ‍ॅल्युमिनिअमची सरकती खिडकी बसवली जाते. हा निर्णय घरमालकास आधुनिक वाटतो, तथापि तो आर्थिकदृष्ट्या नेहमीच योग्य असतो असे नाही.

सागवान टिकते का?

सर्व सागवान सारखे नसते, ही गोष्ट खरेदीच्या वेळी बहुधा विसरली जाते. झाडाच्या मधल्या, गडद रंगाच्या गाभ्यात तेलकट द्रव्ये असतात आणि त्यांमुळे वाळवी व बुरशी त्यास सहसा लागत नाही. सालीलगतच्या फिकट भागास हे संरक्षण लाभलेले नसते. शंभर वर्षांपूर्वीची चौकट आजही शाबूत दिसते, ती केवळ 'सागवानी' आहे म्हणून नव्हे, तर ती जवळजवळ संपूर्णपणे गाभ्याच्या लाकडातून काढलेली आहे म्हणून. आज बाजारात मिळणाऱ्या कोवळ्या झाडांच्या लाकडात फिकट भागाचे प्रमाण अधिक असते. त्यामुळे जुनी चौकट टाकून नवी घेणारा ग्राहक पुष्कळदा चांगले लाकूड देऊन हलके लाकूड विकत घेतो.

महाकोशलातील पारंपरिक घरात चौकट सालाची आणि पाखे सागवानाचे, अशीही विभागणी आढळते. साल जड व मजबूत असले तरी वाळताना वाकते, फाटते. सागवान मात्र आकार धरून राहते. स्थिर राहणाऱ्या चौकटीस साल आणि हलणाऱ्या पाख्यास सागवान, हा सुताराचा निर्णय पदार्थविज्ञानाच्या कसोटीसही उतरतो.

आकार धरून राहण्याचे महत्त्व जबलपूरच्या हवामानात विशेष आहे. मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि हवा अत्यंत कोरडी होते. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत पावसाळा सुरू होतो आणि वर्षाच्या १,३०० मिलिमीटरहून अधिक पावसाचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या काळात पडतो. लाकूड हवेतील ओलावा शोषते व सोडते. सागवानाच्या फळीतील ओलावा ७ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेला, तर ती आडव्या दिशेने प्रत्येक १०० मिलिमीटरमागे सुमारे एक ते दीड मिलिमीटर फुगते. लांबीच्या दिशेने मात्र ती जवळपास बदलत नाही. दोन पाख्यांच्या खिडकीत ७५ मिलिमीटर रुंदीच्या चार उभ्या पट्ट्या असतात, म्हणजे एकूण ३०० मिलिमीटर लाकूड फुगते. तीन-चार मिलिमीटरची ही वाढ खिडकी अडकण्यास पुरेशी आहे. अशा वेळी ऑगस्टमध्ये सुतार बोलावून पाखा रंध्याने तासून घेणे ही सर्वात सामान्य चूक होय. तासलेली खिडकी पुढच्या उन्हाळ्यात सैल होते, फटीतून धूळ येते आणि मग 'लाकूड वाईट' असा निष्कर्ष काढला जातो. जाणता सुतार रंध्यास हात लावण्यापूर्वी बिजागऱ्या तपासतो आणि लाकूड उघडे पडलेल्या कडांना रंग वा तेलाचे लेपण देतो. पाखा खरोखर तासावाच लागला, तर तो हिवाळ्यापर्यंत थांबतो.

भारतीय मानक ब्युरोचे आय. एस. २८७ हे मानक याच प्रश्नाशी संबंधित आहे. हवेतील आर्द्रतेनुसार देशाचे विभाग पाडून, कोणत्या वापरासाठी लाकडात किती ओलावा चालेल याची मर्यादा त्यात दिलेली आहे. कोकणात मुरवलेले लाकूड जबलपूरला आणून लगेच चौकट केली तर ती उन्हाळ्यात आकसते, याचे कारण या मानकातून स्पष्ट होते.

दुरुस्तीची रीत

लाकडी खिडकी एकदम कुजत नाही. पाणी जेथे साचते तेथे ती कुजते, म्हणजे चौकटीची खालची आडवी पट्टी, पाख्याचा तळ आणि काचेच्या खालची लांबी भरलेली खाच. पेचकसाचे टोक हलकेच टोचून पाहिल्यास कुजलेला भाग कळतो : टोक रुतले तर लाकूड गेले, थांबले तर वरचा रंगच तेवढा खराब आहे. बहुतेक जुन्या खिडक्यांत वरचा मोठा भाग उत्तम असतो. कुजलेला तुकडा निरोगी लाकूड लागेपर्यंत तिरका कापावा, त्याच जातीच्या व तितक्याच वाळलेल्या लाकडाचा तुकडा रेषा जुळवून बसवावा आणि पाण्यास टिकणाऱ्या गोंदाने सांधावा. परंतु पाणी का साचले याचा शोध घेतल्याशिवाय केलेली दुरुस्ती वाया जाते. छज्जा तोकडा आहे काय, तळपट्टीस बाहेरच्या बाजूस उतार आहे काय, पाणी निथळून जावे म्हणून तिच्या खालून कोरलेली बारीक खाच रंगाच्या थरांनी बुजली आहे काय, हे आधी पाहावे लागते.

बोरॅक्स आणि बोरिक आम्ल यांचे द्रावण वाळवी व बुरशीविरुद्ध उपयुक्त आहे. मात्र ते पावसाच्या पाण्याने धुऊन जाते. म्हणून बाहेरच्या भागावर त्यावर रंगाचे आवरण आवश्यक ठरते.

रंग खरवडताना एक धोका संभवतो, आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. जुन्या तैलरंगांत शिसे असण्याची शक्यता असते. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला व तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या रंगांना अशी सक्ती नव्हती. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असते. त्यामुळे जुना रंग कोरडा घासू नये, तो जाळू तर मुळीच नये. पृष्ठभाग ओला ठेवून खरवडावा, निघालेला चुरा गोळा करावा आणि मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. सुताराच्या नाकातोंडावर चांगला मुखपट असावा, हे सांगण्याची वेळ येऊ नये, पण येते.

किंमत आणि खर्च

किंमत आणि खर्च या दोन वेगळ्या संकल्पना आहेत. हे स्पष्ट व्हावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. समजा, जुन्या खिडकीची दुरुस्ती ७,००० रुपयांत होते आणि ती २० वर्षे टिकते. अ‍ॅल्युमिनिअमच्या खिडकीस, भिंत फोडणे व गिलावा धरून आणि जुन्या लाकडाचे आलेले पैसे वजा जाता, १५,००० रुपये लागतात व ती २५ वर्षे टिकते. नव्या सागवानी खिडकीस ३०,००० रुपये पडतात, तिचे आयुष्य ६० वर्षांचे आहे. लाकडी खिडकीस दर चार वर्षांनी रंगासाठी १,२०० रुपये लागतात. व्याजदर ८ टक्के धरून हा खर्च वार्षिक हप्त्यांत मांडला, तर दुरुस्त केलेली खिडकी वर्षाला सुमारे ९८० रुपयांस पडते, अ‍ॅल्युमिनिअमची १,४०५ रुपयांस आणि नवी सागवानी २,६९० रुपयांस.

या उदाहरणातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. जुनी खिडकी वाचविणे किफायतशीर आहे. नवी सागवानी खिडकी मात्र भावनेपोटी घ्यावी लागते. दीर्घ आयुष्य हे तिचे मोठे भांडवल असले तरी ८ टक्के व्याजदराने साठाव्या वर्षाच्या लाभाचे आजचे मूल्य नगण्य उरते. शिवाय दुरुस्तीच्या ७,००० रुपयांतील मोठा वाटा गावातील सुताराच्या मजुरीत जातो, तर नव्या खिडकीच्या किमतीतील मोठा वाटा सामग्रीत जातो. अ‍ॅल्युमिनिअमचे नवे धातू-उत्पादन विजेचे खादाड आहे : एका किलोस १४ युनिटांच्या आसपास वीज लागते. भंगारापासून केलेल्या धातूस मात्र त्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा पुरते, हेही नमूद केले पाहिजे.

नव्या घराची खिडकी

आधुनिक घरासाठी निवड करताना प्रथम पाहावयाची बाब साहित्य नसून उघडणारे क्षेत्र ही आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची निवासी इमारतींसाठीची 'इको निवास संहिता' डिसेंबर २०१८ मध्ये प्रसृत झाली. तीनुसार संमिश्र हवामानाच्या प्रदेशात, ज्यात जबलपूर मोडते, खिडक्यांचे उघडणारे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १२.५ टक्के असावे. उष्ण-दमट प्रदेशासाठी हे प्रमाण १६.६६ टक्के आहे. बिजागरीवर उघडणाऱ्या खिडकीचे ९० टक्के क्षेत्र उघडे धरले जाते, तर दोन तावदानांच्या सरकत्या खिडकीचे ५० टक्केच. एका खोलीपुरता हिशेब केला तर १२ चौरस मीटरच्या खोलीस १.५ चौरस मीटर उघडे क्षेत्र हवे. पाख्यांच्या खिडकीत ते सुमारे १.६७ चौरस मीटरच्या खिडकीने साधते. सरकती खिडकी त्यासाठी ३ चौरस मीटरची लागेल, आणि तितकी काच मे महिन्यात तितकीच उष्णता आत आणील. चौकटीतून होणारे उष्णतेचे वहनही विचारात घ्यावे : लाकडाची उष्णतावाहकता अ‍ॅल्युमिनिअमच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते.

म्हणून नव्या घरात लाकडी, पाख्यांची, छज्जाखालील खिडकी शास्त्रशुद्ध ठरते. मात्र ती सागवानाचीच असावी असा आग्रह नको. बाभूळ, शिरीष, निलगिरी यांसारखी शेतावरची लाकडे नीट मुरवून व रसायनप्रक्रिया करून वापरता येतात. जबलपूर येथे राज्य वन संशोधन संस्था १९६३ पासून आणि डेहराडूनच्या भारतीय वानिकी संशोधन परिषदेची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था १९८८ पासून कार्यरत आहे. या विषयाचे ज्ञान शहपुऱ्यापासून फार दूर नाही. अंतर आहे ते प्रयोगशाळा आणि सुताराचा ठिय्या यांमधील.

धोरणाचा प्रवास

१९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने लाकडाला पर्यायी साहित्य वापरण्यावर भर दिला. त्यापाठोपाठ १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या कामांत लाकडाच्या वापरास बंदी केली. जंगलतोडीची तत्कालीन चिंता रास्त होती. परंतु बंदीने जंगलातील लाकूड आणि शेतावरचे लाकूड यांत भेद केला नाही. वस्तुतः २०११ च्या वन स्थिती अहवालानुसार सरकारी जंगलांतून वर्षाला सुमारे ३२ लाख घनमीटर लाकूड निघत होते, तर जंगलाबाहेरील वृक्षांची क्षमता सुमारे ४.२८ कोटी घनमीटर होती. २०२३ च्या अहवालात ही क्षमता ९.१५ कोटी घनमीटर अंदाजिली आहे. ज्या लाकडाला ग्राहक नाही ते झाड शेतकरी लावीत नाही. बंदी जुलै २०२० मध्ये उठली आणि २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठी नागपूरहून सागवान नेण्यात आले.

मध्य प्रदेशाने २००१ मध्ये लोकवानिकी कायदा करून खासगी जमिनीवरील वृक्षांच्या नियोजनबद्ध तोडीस मार्ग मोकळा केला होता. लाकडाची बाजू अशी हळूहळू सुकर होत आहे. कारागिराची बाजू मात्र अद्याप कच्ची आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन आणि दोन टप्प्यांत ३ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. या प्रशिक्षणात नव्या वस्तूंच्या जोडीला जुन्या चौकटीचा कुजलेला पाय बदलण्याचे कामही शिकविले गेले, तर शहपुऱ्यासारख्या गावात पावसाळ्यानंतर दरवर्षी त्या सुताराकडे काम चालून येईल.