साहेबांवरची टीका : एक सोलापुरी मागोवा

१८ जानेवारी २००३ रोजी सुशीलकुमार शिंदे यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, तेव्हा सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते. संक्रांत होऊन चार दिवस झालेले, होम मैदानावर पाळणे फिरत होते. इथल्याच कोर्टात पट्टेवाल्याची नोकरी केलेला माणूस राज्याचा मुख्यमंत्री झाला, या बातमीने गावाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग त्याच वर्षी, त्यांनी सोडलेल्या लोकसभेच्या जागेवर याच गावाने भाजपचे प्रतापसिंह मोहिते-पाटील निवडून दिले. पुढच्या वर्षी साहेबांच्या पत्नी उज्ज्वला शिंदे उभ्या राहिल्या, त्यांनाही भाजपच्या सुभाष देशमुखांनी हरवलं. आणि २०१४ साली, साहेब देशाचे गृहमंत्री असताना, गावाने त्यांचाच पराभव केला.

या वीस-बावीस वर्षांत उजव्या पक्षांनी त्यांच्यावर जी टीका केली तिचा हा मागोवा आहे. काँग्रेसवाले ही टीका द्वेषाची म्हणून झटकून टाकतात. भाजपवाले तीच निवडणुकीपुरती वापरतात आणि विसरतात. मला दोन्ही मान्य नाही. त्या टीकेत काही अगदी खरं होतं, काही साफ अन्यायाचं होतं, आणि जे खरं होतं ते आजही खरं आहे.

आधी राजभवनाचं. ऑक्टोबर २००४च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेस आघाडीने सत्ता राखली. मुख्यमंत्री म्हणून प्रचाराचं ओझं शिंदेंनी वाहिलं होतं. राष्ट्रवादीला ७१ आणि काँग्रेसला ६९ जागा मिळाल्या. मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडेच राहिलं, तरीही १ नोव्हेंबरला शपथ घेतली ती विलासराव देशमुखांनी, आणि तीन दिवसांनी शिंदे आंध्र प्रदेशचे राज्यपाल म्हणून हैदराबादेत होते. निवडणूक जिंकून देणाऱ्या माणसाची अशी बोळवण झाली, ही सल सोलापुरात आजही निघते.

भाजपचा आक्षेप वेगळा होता आणि तो तत्त्वाचा होता. त्याच वर्षी जुलैत केंद्रातल्या नव्या सरकारने उत्तर प्रदेश, हरियाणा, गुजरात आणि गोवा या चार राज्यांतले वाजपेयींच्या काळात नेमलेले राज्यपाल एका फटक्यात हटवले होते. त्याविरुद्ध भाजपचे बी. पी. सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेले. मे २०१०मध्ये न्यायालयाने सांगितलं, की केंद्रात सरकार बदललं एवढ्या कारणावरून राज्यपालाला घरी पाठवता येत नाही. सरकारिया आयोगाने तर १९८८ सालीच लिहून ठेवलं होतं, की राज्यपाल हा नजीकच्या काळात सक्रिय राजकारणात फार गुंतलेला नसावा. परवापर्यंत मुख्यमंत्री असलेला नेता आज राजभवनात, हे त्या शिफारशीच्या थेट विरोधात होतं. शिंदे जानेवारी २००६मध्ये राजभवन सोडून केंद्रात ऊर्जामंत्री झाले, म्हणजे मधले चौदा-पंधरा महिने राज्यपालपद हा राजकारणातला विसाव्याचा थांबा ठरला. या मुद्द्यावर टीकाकारांची बाजू बरोबर होती, हे शिंदेंविषयी आस्था असणाऱ्यानेही मान्य करायला हवं. मला आस्था आहे, आणि मी मान्य करतो.

त्या महिन्यांतला दुसरा वाद मुस्लिम आरक्षणाचा. वाय. एस. राजशेखर रेड्डींच्या सरकारने जून २००५मध्ये मुस्लिमांना पाच टक्के आरक्षण देणारा अध्यादेश आणला. अध्यादेश राज्यपालाच्या सहीने निघतो, म्हणजे शिंदेंच्या. धर्माच्या आधारावर आरक्षण घटनेला धरून नाही, ही भाजपची भूमिका. पुढे अध्यादेशाचा कायदा झाला आणि नोव्हेंबरात आंध्रच्या उच्च न्यायालयाने तो रद्द केला. तेव्हा टीकाकारांना न्यायालयाची साथ मिळाली, यात शंका नाही. पण दोष सही करणाऱ्याचा किती? घटनेच्या २१३व्या कलमाखाली राज्यपाल अध्यादेश काढतो तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. निवडून आलेल्या सरकारचा सल्ला राज्यपालाने डावलावा, अशी अपेक्षा करायची असेल तर ती सगळ्याच राजभवनांकडून करावी लागेल, आणि मग निवडून आलेल्या सरकारला अर्थ काय उरणार? इथे शिंदेंनी घटनेच्या चौकटीत राहून काम केलं.

ही मोजपट्टी पुढे कशी हरवली तेही सांगितलं पाहिजे. सप्टेंबर २०१९मध्ये भगतसिंह कोश्यारी महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. उत्तराखंडचे माजी मुख्यमंत्री, भाजपचे माजी खासदार, आयुष्यभर पक्षाचं काम केलेले. सरकारियांची शिफारस त्यांनाही तेवढीच लागू होती. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला पहाटे मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला, विधान परिषदेच्या बारा नावांची यादी वर्ष-दोन वर्षं राजभवनात पडून राहिली, आणि २०२२च्या जूनमध्ये बहुमत चाचणीचा जो आदेश निघाला तो समर्थनीय नव्हता, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३च्या निकालात म्हटलं. शिंदेंच्या नेमणुकीवर बोट ठेवणारी मंडळी या सगळ्या काळात गप्प होती. २००४ साली जे चूक होतं ते २०१९ साली बरोबर कसं झालं, याचं उत्तर त्यांनी द्यायला हवं होतं.

मुख्यमंत्रिपदाच्या काळातली टीका थोडक्यात सांगतो. तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्यावरून शिवसेना-भाजपने सरकारला सळो की पळो करून सोडलं, आणि मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेल्या अधिकाऱ्याला अटक होईपर्यंत प्रकरण गेलं. निवडणुकीच्या तोंडावर शेतकऱ्यांना मोफत वीज जाहीर झाली. तिजोरी रिकामी करणारा निर्णय म्हणून त्यावर टीका करण्याचा नैतिक हक्क शिवसेनेला नव्हता, कारण तसंच वचन बाळासाहेब ठाकरे यांनीही दिलं होतं. सरकार परत आलं आणि ती सवलत २००५ साली काढून घेतली गेली. फसवणूक झाली ती शेतकऱ्याची. ज्या शिंदेंनी नऊ वेळा राज्याचा अर्थसंकल्प मांडला, त्यांना या घोषणेची किंमत ठाऊक नव्हती असं कसं म्हणणार?

दिल्लीतली वर्षं सगळ्यांच्या लक्षात आहेत. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी देशातल्या वीजजाळ्या कोसळल्या, दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत एकदम अंधारात गेला. सुमारे साठ कोटी लोकांची वीज गेली. त्याच ३१ तारखेला ऊर्जामंत्री शिंदे गृहमंत्री झाले. अपयशाला बढती, ही भाजपची टीका लोकांना पटली आणि पटण्यासारखीच होती. खातेबदल आधीच ठरला असेलही, पण अंधारात बसलेल्या माणसाला ते कोण समजावणार?

याच वीज खात्यातली दुसरी गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. दक्षिण भारताची वीजजाळी उरलेल्या देशाशी पूर्णपणे जोडली गेली ती रायचूर-सोलापूर या ७६५ केव्ही वाहिनीने, ३१ डिसेंबर २०१३ रोजी. ‘एक देश, एक ग्रीड’ हे त्या दिवशी प्रत्यक्षात आलं, आणि त्याचं एक टोक आमच्या सोलापुरात आहे. १६ ऑगस्ट २०१४ला पंतप्रधान नरेंद्र मोदींनी सोलापुरात येऊन ती वाहिनी राष्ट्राला अर्पण केली. त्याच्या तीन महिने आधी शिंदे निवडणूक हरले होते. दक्षिण सोलापुरात एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प आला, तोही त्यांच्याच ऊर्जाखात्याच्या वर्षांत आखला गेला.

गृहमंत्री झाल्यावर सुमारे सहा महिन्यांत कसाब आणि अफझल गुरू या दोघांच्या फाशीची अंमलबजावणी झाली. अफझलच्या फाशीला उशीर का, म्हणून भाजपने काँग्रेसला वर्षानुवर्षं धारेवर धरलं होतं, तो मुद्दा शिंदेंच्या काळात निकाली निघाला. पण श्रेय दूर राहिलं. मधेच २० जानेवारी २०१३ला जयपूरच्या चिंतन शिबिरात त्यांनी भाजप आणि संघाच्या प्रशिक्षण शिबिरांचा संबंध हिंदू दहशतवादाशी जोडला. महिनाभर गदारोळ झाला. भाजपने संसदेत बहिष्काराचा इशारा दिला, आणि अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, २० फेब्रुवारीला, त्यांना खेद व्यक्त करावा लागला. देशाच्या गृहमंत्र्याने संघटनेचं नाव घेऊन बोलायचं तर हातात पुरावा हवा आणि खटला उभा करायची तयारी हवी. पक्षाच्या शिबिरात टाळ्यांसाठी ते बोलायचं नसतं. या एका भाषणाने सोलापुरातल्या कितीतरी घरांची दारं त्यांना बंद झाली. संघाच्या शाखेत जाणारं पोर असलेली ही घरं एरवी ‘आपला माणूस’ म्हणून त्यांना मत देत होती.

कारण इथे हे विसरता कामा नये, की १९७४ला करमाळ्याच्या पोटनिवडणुकीतून सुरू झालेला हा दलित नेता पुढे सोलापूर शहर उत्तर या खुल्या मतदारसंघातून पुन्हा पुन्हा निवडून आला. लोकसभेला १९९८ आणि १९९९ला जिंकला तेव्हाही सोलापूरची जागा राखीव नव्हती. लिंगायत, पद्मशाली, मुस्लिम, मराठा, सगळ्यांनी मतं दिली. पुरोगामी महाराष्ट्र म्हणून भाषणं पुष्कळ होतात, सोलापूरने ते मतपेटीत करून दाखवलं होतं.

मग पाडलं का? मोदी लाट होती, जयपूरचं भाषण होतं, पण माझ्या मते मूळ दुखणं गावातलं होतं. पहाटे सोलापूर स्टेशनवर जाऊन हुतात्मा एक्स्प्रेसच्या फलाटावर उभं राहावं. गळ्यात ओळखपत्राची फीत, पाठीवर सॅक, हातात आईने बांधून दिलेला कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा. सुट्टी संपवून पुण्याला परत निघालेली ही पोरं. त्यांच्या आजोबांच्या पिढीला जुनी गिरणी होती, लक्ष्मी-विष्णू होती, नरसिंग गिरजी होती. भोंगा झाला की शहर हलायचं. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जागी मोठं काही उभं राहिलं नाही. यंत्रमागावर टॉवेल-चादरी निघत राहिल्या, पूर्वभागात बाया मांडीवर सूप घेऊन हजार विड्यांचा हिशोब पुरा करत राहिल्या. दिल्लीत एवढं वजन असलेला नेता, आणि गावात शिकलेल्या पोराला काम नाही. भाजपच्या सभांमधून हा प्रश्न विचारला गेला तेव्हा समोर बसलेल्या काँग्रेसच्या जुन्या मतदारानेही मान हलवली.

आणि पाणी. उजनी धरण शंभर किलोमीटरहून लांब, जलवाहिनी तिथून येते, तरी शहराला रोज पाणी मिळत नाही. काही दिवसांच्या आड नळ येतो. तो कधी रात्री दोनला येतो. मग घरातली बाई उठते, आधी पिण्याचा हंडा, मग पिंप, मग बादल्या, शेवटी कुकरचं भांडंसुद्धा भरून ठेवते, कारण पुन्हा कधी येईल ते कुणी सांगत नाही. देशाचा गृहमंत्री आपल्या गावाचा, आणि गाव असं रात्र जागतं, हे मतदाराला कसं पटावं? एनटीपीसीला उजनीचं पाणी मिळतं आणि आम्हाला नाही, हा सवाल तेव्हा चौकाचौकात होता.

२०१४ला शरद बनसोडेंनी शिंदेंना जवळपास दीड लाखांनी हरवलं. २०१९ला जयसिद्धेश्वर महास्वामी आणखी थोड्या जास्त फरकाने जिंकले. त्या वेळी प्रकाश आंबेडकरांनीही सुमारे एक लाख सत्तर हजार मतं घेतली. दोन्ही खेपेला शिंदेंना साडेतीन लाखांहून जास्त मतं होती. त्यांना मानणारा माणूस जागेवरून हलला नव्हता, फक्त तो पुरेसा उरला नव्हता.

नंतरची दहा वर्षं खासदार भाजपचे. २०१७पासून महापालिकेतही भाजप सर्वांत मोठा पक्ष, महापौर त्यांचा. केंद्रात, राज्यात बहुतेक काळ त्यांचंच सरकार. ज्या प्रश्नांवर त्यांनी साहेबांना पाडलं ते सोडवायची पूर्ण मुभा त्यांना होती. शिंदेंच्या सरकारच्या काळात, १ ऑगस्ट २००४ला सुरू झालेल्या सोलापूर विद्यापीठाला २०१९ला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं, ते उचितच झालं. पण नळ काही दिवसांच्या आडच राहिला आणि पुण्याच्या गाडीची गर्दी वाढतच गेली. बनसोडेंनी काय केलं, याचा हिशोब त्यांच्याच पक्षाने मागितल्याचं मला आठवत नाही. पुढच्या वेळी उमेदवार बदलला, एवढंच. महास्वामींचा जातीचा दाखला २०२०मध्ये पडताळणी समितीने अवैध ठरवला आणि कारकिर्दीतला बराच काळ त्या वादात गेला.

२०२४ला साहेबांच्या कन्या प्रणिती शिंदे ७४,१९७ मतांनी निवडून आल्या. भाजपचे राम सातपुते हरले. सहा महिन्यांनी झालेल्या विधानसभेला मात्र शहराच्या तिन्ही जागा, उत्तर, मध्य आणि दक्षिण, भाजपने घेतल्या. प्रणितीताईंनी तीन वेळा जिंकलेली मध्यची जागाही गेली.

आता खासदार काँग्रेसच्या आणि आमदार भाजपचे आहेत, त्यामुळे बोट दुसऱ्याकडे दाखवायची सोय दोघांनाही आहे. ती त्यांना देऊ नका. मत मागायला जो कोणी दारात येईल, त्याला आतल्या मोरीपर्यंत न्या, भरून ठेवलेली पिंपं दाखवा आणि रोज पाणी कधी येणार त्याची तारीख मागा. साहेबांना हा प्रश्न विचारला होता तेवढ्याच कडक आवाजात.